ऐपतीचा दाखला आणि तुरुंगातील मूल

३१ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे कैदेत होती. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शेकडा चारांहून किंचित अधिक. या स्त्रियांपैकी १,५३७ जणींबरोबर त्यांची एकंदर १,७६४ मुले तुरुंगातच राहत होती. या मुलांवर कोणताही आरोप नाही आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना शिक्षा फर्मावलेली नाही. तरीही त्यांच्या दिवसाची सुरुवात बराकीचे कुलूप उघडल्यावर होते आणि शेवट ते कुलूप पुन्हा लागल्यावर होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात त्यांच्या वाट्याला एक लहानसा तक्ता येतो. त्या तक्त्याचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तक्त्यातील सर्वांत बोलका भाग पुढेच आहे. या १,५३७ मातांपैकी १,३१२ जणी कच्च्या कैदी होत्या आणि त्यांच्याबरोबर १,४७९ मुले होती. शिक्षा झालेल्या माता अवघ्या १९८ आणि त्यांची मुले २३०. म्हणजे तुरुंगात वाढणाऱ्या दर शंभर मुलांपैकी जवळजवळ ८४ मुलांच्या आईचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही. तेव्हा ‘गुन्हेगार आईच्या पापाची शिक्षा निष्पाप मुलाला’ हा जो भावनाविवश सूर या विषयावर लावला जातो, तो मुळातच चुकीचा आहे. प्रश्न पापाचा नाही. खटला चालेपर्यंत कोणाला घरी राहता येते आणि कोणाला तुरुंगात राहावे लागते, असा हा प्रश्न आहे. आणि आपल्या देशात त्याचे उत्तर बहुतांशी आर्थिक आहे.

कायदा या बाबतीत मुका आहे असे कोणी समजू नये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये, अजामीनपात्र गुन्ह्यांतही स्त्रियांना जामिनावर सोडता येईल असे परंतुक होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये ते कायम आहे. त्याच संहितेच्या कलम ४७९ नुसार, ज्या गुन्ह्याला मृत्युदंड वा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात प्रथमच सापडलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर काही अपवाद वगळता न्यायालयाने त्याची सुटका करावयाची आहे, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकलेली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. संविधानात १९७६ साली घातलेले कलम ३९-क हेच सांगते. कागदावर इतके सारे असताना १,३१२ माता मुलांसह आत का राहतात?

याचे उत्तर जामीन या संस्थेच्या स्वरूपात आहे. न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे सुटका झाली, असा आपला समज असतो. वस्तुतः तेथून दुसरी परीक्षा सुरू होते. हमीदार आणावा लागतो. त्या हमीदाराजवळ शिधापत्रिका, राहत्या जागेचा पुरावा आणि ऐपतीचा दाखला असावा लागतो. दाखला मिळावयाचा तर सातबारावर नाव पाहिजे किंवा पक्के घर पाहिजे. आता आपल्या समाजात जमीन आणि घर कोणाच्या नावावर असते, हे सांगावयास नको. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबारावर अपवादानेच सापडते. म्हणून तिला हमीदारासाठी नवरा, भाऊ, दीर अशा पुरुषावर अवलंबून राहावे लागते. पुरुष तुरुंगात गेला तर बायको वकिलाच्या दारी बसते, भेटीला येते, मंगळसूत्र मोडून पैसे उभे करते. बाई तुरुंगात गेली की मात्र ‘घराण्याचे नाव गेले’ म्हणून तेच घर तिला पाठमोरे होते. पुष्कळदा खटला घरातीलच असतो, आणि हमीदार होऊ शकणारा माणूस एकतर फिर्यादी तरी असतो किंवा सहआरोपी तरी. तेव्हा मालमत्तेची विषमता आणि कुटुंबातील स्त्रीचे दुय्यम स्थान, ही दोन्ही जामिनाच्या एका कागदात एकवटतात, आणि त्या कागदाच्या अभावी मूल तुरुंगात रांगावयास शिकते.

ही गोष्ट आपल्या न्यायव्यवस्थेला ठाऊक नाही असे नाही. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एका गवंड्याला जामीन मंजूर झाला होता. पण दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा हमीदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमी नाकारली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात पैशावर आधारलेल्या जामीनपद्धतीवर कठोर टीका केली आणि त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोकळे केले. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनआरा खातून प्रकरणातून बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची दैना देशासमोर आली. त्यांत केवळ ‘संरक्षणासाठी’ म्हणून तुरुंगात ठेवलेल्या स्त्रियाही होत्या. १९८३ साली पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांविषयी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रावर महत्त्वाचे निर्देश दिले गेले. न्यायमूर्ती मुल्ला समितीचा अहवाल १९८३ चा आणि स्त्री-कैद्यांविषयीच्या कृष्ण अय्यर समितीचा १९८७ चा. म्हणजे निदान चाळीस वर्षे आपण रोगाचे निदान करीत आहोत. औषध मात्र बाटलीतच आहे.

अलीकडे काही हालचाल झाली, तीही नोंदली पाहिजे. जामीन मिळूनही हमीअभावी महिनाभरात सुटका झाली नाही तर अटी शिथिल करण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. सुरुवातीला तीत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्यांच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. योजना स्वागतार्ह आहे. तथापि अमली पदार्थांच्या कायद्याखालील आरोपी तिच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. आगगाडीतून गांजाचे पुडके पोहोचविण्यासाठी दोन-पाचशे रुपयांवर नेमली जाणारी बाई बहुधा याच कायद्याखाली अडकते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वगळण्याचा अर्थ कळतो. माल ज्याचा आहे तो पकडला जात नाही. पकडली जाते ती वाहणारी.

न्यायालयांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या खटल्यातील एका गर्भवती आरोपीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगाच्या वातावरणातील बाळंतपणाचा परिणाम आईवर आणि बाळावर होतो, हे त्यासाठीचे एक कारण होते. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नामांकित महिला नेत्याला जामीन देताना असे स्पष्ट केले होते की, कायद्यातील स्त्रियांसाठीचे परंतुक सुशिक्षित व प्रतिष्ठित स्त्रीलाही नाकारता येत नाही. तो निर्णय योग्यच होता. आमचे म्हणणे इतकेच की, सुशिक्षित स्त्रीला जे दिल्लीपर्यंत जाऊन मिळाले, ते पारधी वस्तीवरील अशिक्षित स्त्रीला तालुक्याच्या न्यायालयात मिळाले पाहिजे. तिला तेथे पाहताक्षणी संशयित मानणारी दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने घडविली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ऑक्टोबर २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातींचे आणि विमुक्त जमातींविषयीच्या कलंकाचे उल्लेख काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. देशातील कैद्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतील आहेत. तुरुंगातील मुलांची जात कोणी मोजत नाही. ती मोजण्याची गरजही नाही.

आता तुरुंगाच्या आत वळू. १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांविषयी तपशीलवार निर्देश दिले. मुलाला कैदी मानू नये. शक्यतो बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि तुरुंगात जन्म झाला तरी दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाची नोंद असू नये. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकेल. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वयोगटासाठी बालवाडी असावी, व ही दोन्ही शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर असावीत. आहाराचे प्रमाण वयोगटानुसार ठरवून दिले गेले. मुलाच्या नामकरणविधीचीसुद्धा सोय करावी, इतक्या बारकाईने विचार झाला. न्यायालयासमोर आलेल्या अभ्यासातील निरीक्षणे तर विसरता येण्याजोगी नाहीत. घर म्हणजे काय हे या मुलांना माहीत नसते. रस्त्यावरचे जनावर दिसले की ती घाबरतात. पुरुष म्हटला की त्यांना पोलीस वा तुरुंगाचा शिपाईच ठाऊक असतो. आणि बायकांच्या बराकीतच वाढल्यामुळे मुलगे स्वतःविषयी बोलताना स्त्रीलिंगी क्रियापदे वापरतात.

हे निर्देश सर्वत्र का उतरले नाहीत, याचे कारण केवळ अधिकाऱ्यांची अनास्था म्हणून भागणार नाही. त्यात एक साधे अंकगणित आहे. २०२२ साली देशात १,३३० तुरुंग होते आणि मुले १,७६४. केवळ स्त्रियांसाठी असलेले तुरुंग अवघे ३४. बहुसंख्य स्त्रिया पुरुषांच्या तुरुंगातील एका कोपऱ्यातल्या, भिंतीने वेगळ्या केलेल्या बराकीत राहतात. एखाद्या जिल्हा कारागृहात एक मूल, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एकही नाही, अशी ही मुले विखुरलेली आहेत. दोन मुलांसाठी शिक्षिका, आया आणि खोली यांची तरतूद कोणताही वित्त विभाग मंजूर करीत नाही. आणि मंजूर केली तरी दोन मुलांची बालवाडी ही बालवाडी होत नाही, कारण मूल शिकते ते इतर मुलांकडून. म्हणून आतल्या बाजूला काही उभारण्यापेक्षा मुलाला दिवसा बाहेर नेणे हाच शहाणपणाचा आणि स्वस्त मार्ग आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे. तुरुंगाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर अंगणवाडी असते. सकाळी एका कर्मचारी बाईने मुलांना तेथे पोहोचवावे आणि दुपारी परत आणावे, याला कोट्यवधींचा खर्च लागत नाही. लागते ती त्या कर्मचारी बाईची नेमणूक, आणि पोहोचवायला येणारी बाई गणवेशात नसावी इतकी समज.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. सहावे वर्ष संपले की मुलाला आईपासून वेगळे करावे लागते. तुरुंग ही मूल वाढण्याची जागा नव्हे, म्हणून हा नियम योग्य आहे. पण ज्या दिवशी तो लागू होतो त्या दिवशी मुलाचे होते-नव्हते ते जग संपते. त्याने आईशिवाय कोणाला पाहिलेले नसते. न्यायालयाने सांगितले आहे की, मुलाला शक्यतो त्याच गावातील संस्थेत ठेवावे आणि आठवड्यातून निदान एकदा आईची भेट घडवावी. प्रत्यक्षात संस्था कोठे मिळेल तेथे मूल जाते, आणि भेट ही बंदोबस्ताच्या उपलब्धतेवर ठरते. जी मुले प्रारंभापासूनच बाहेर राहिली, आजीकडे, शेजाऱ्याकडे किंवा कोणाकडेही नाही, त्यांची तर गणतीच होत नाही. कारागृहांचा अहवाल आत राहणारी मुले मोजतो. बाहेर उरलेल्या मुलांसाठी त्यात रकाना नाही. ज्याची मोजणी नाही त्याची तरतूद नाही, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. महाराष्ट्रात निराधार मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे आणि तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण अटक झालेल्या बाईच्या घरी किती मुले उरली, हे अटकेच्या वेळी कोणी लिहूनच घेत नसेल तर ही योजना त्या मुलांपर्यंत पोहोचणार कशी?

या मागण्यांवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, मातांना सवलत दिली तर गुन्हेगार टोळ्या लेकुरवाळ्या बायकांनाच पुढे करतील. हा धोका खोटा नाही. पण त्यावर उपाय टोळीच्या मालकाला पकडणे हा आहे. बाईला आणि तिच्या तान्ह्याला डांबून ठेवल्याने मालकाचा एक दिवसाचा धंदाही बुडत नाही. दुसरा आक्षेप पीडितांच्या बाजूचा: त्यांच्या न्यायाचे काय? दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली याचे चांगले उत्तर दिले. फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या तीन मुलांच्या आईला शिक्षा देताना न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी मुलांच्या हिताचा स्वतंत्र विचार केला, तिला देखरेखीखाली बाहेर ठेवले आणि ज्यांची फसवणूक झाली त्यांचे पैसे फेडण्यास लावले. ती आत राहिली असती तर पीडितांना एक पैसाही मिळाला नसता. तिसरा आक्षेप काही स्त्रीवादी मैत्रिणींचा आहे: आईपणालाच सवलत का? निपुत्रिक स्त्रीने काय करावे, आणि मुले सांभाळणाऱ्या बापाने काय करावे? हा आक्षेप गंभीर आहे. नेल्सन मंडेला यांनी १९९४ साली बारा वर्षांखालील मुलांच्या मातांची उरलेली शिक्षा माफ केली, तेव्हा एका कैदी बापाने त्याला आव्हान दिले होते. १९९७ मध्ये न्यायालयाने, मुलांच्या संगोपनाचा भार प्रत्यक्षात स्त्रियांवरच असतो हे वास्तव मान्य करून ती माफी वैध ठरविली. आपली भूमिका याहून थोडी पुढची असावी. ज्याच्यावर मूल अवलंबून आहे, त्या व्यक्तीचा विचार व्हावा, मग ती आई असो, आजी असो वा बाप असो. सवलत मातृत्वाच्या गौरवासाठी मागावयाची नाही. मुलाचा हक्क म्हणून मागावयाची आहे.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१० मध्ये संमत केलेल्या ‘बँकॉक नियमां’त, गर्भवती आणि अवलंबून मुले असलेल्या स्त्रियांना शक्य तेथे तुरुंगाबाहेरचीच शिक्षा द्यावी असे सांगितले आहे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एकाच सामूहिक अर्जावर असा निर्णय दिला की, हिंसक गुन्ह्यांसारखे काही अपवाद सोडून, गर्भवती आणि बारा वर्षांखालील मुले असलेल्या कच्च्या कैदी स्त्रियांना तुरुंगाऐवजी घरीच स्थानबद्ध ठेवावे. ब्राझील हा काही श्रीमंत, विषमतामुक्त देश नव्हे. त्याला जे सुचले ते आपल्याला का सुचू नये?

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, स्त्रीला प्रथम न्यायालयासमोर उभे केले जाईल तेव्हा तिच्यावर अवलंबून मुले किती व ती कोठे आहेत, हे दंडाधिकाऱ्याने विचारलेच पाहिजे आणि आदेशात नोंदविले पाहिजे. दुसरी, सहा वर्षांखालील मूल असलेल्या कच्च्या कैदी स्त्रीला जातमुचलक्यावर सोडणे हा नियम असावा. कोठडी हवी असेल तर सरकारी पक्षाने तिची कारणे लेखी द्यावीत. तिसरी, गरीब कैद्यांच्या योजनेतून अमली पदार्थांच्या प्रकरणांतील किरकोळ वाहक स्त्रिया वगळू नयेत. चौथी, तुरुंगातील प्रत्येक मुलाचे नाव जवळच्या अंगणवाडीच्या पटावर असावे. पाचवी, सहा वर्षांनंतरच्या मुलांची साप्ताहिक भेट हा हक्क मानावा, मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्रातील काही तुरुंगांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, आणि मुलाला जाळीआडून न पाहता मांडीवर घेता येते. सणासुदीचा हा उपक्रम दर आठवड्याचा परिपाठ झाला पाहिजे. आणि सहावी, बाहेर उरलेल्या मुलांची गणना कारागृह अहवालात व्हावी.

पण सरकारकडे मागणी करून आपण मोकळे झालो असे मानता येणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पक्षाचे कार्यालय आहे आणि तेथेच कारागृहही आहे. त्या कारागृहात आज किती मुले आहेत, हे आपल्यापैकी किती साथींना सांगता येईल? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन ही माहिती मागता येते. जामीन मंजूर होऊन हमीदाराअभावी अडकलेल्या स्त्रियांची यादी मागता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांतून हे काम चिकाटीने चालविले आहे. त्याकडून पुष्कळ शिकता येईल. ज्या साथींच्या नावावर थोडी शेती वा घर आहे, त्यांनी प्राधिकरणामार्फत, उघडपणे आणि एकही पैसा न घेता, अशा मातांसाठी हमीदार म्हणून उभे राहावे. त्यात जोखीम आहे. एखादी बाई तारखेला येणार नाही आणि मुचलक्याची रक्कम भरावी लागेल. ती जोखीम शाखेने वर्गणीतून वाटून घ्यावी. मालमत्तेवर विश्वास नसलेल्या पक्षाच्या सभासदांनी आपल्या मालमत्तेचा एवढा उपयोग तरी करावा.

महाराष्ट्राला हे काम परके नाही. समाजाने ज्यांना गुन्हेगार ठरविले असते अशा विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. आईने येऊन निर्धोक बाळंत व्हावे आणि मूल जगावे, एवढेच त्यांनी पाहिले. आईच्या वर्तनाचा दाखला मागितला नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. आणीबाणीत मृणालताई गोरे, प्रमिलाताई दंडवते आणि आपल्या कितीतरी भगिनी तुरुंगात होत्या. राजबंदी सुटतात, त्यांचे सत्कार होतात. त्यांच्या शेजारच्या बराकीतील बाई आणि तिचे मूल मात्र मागेच राहतात. पुढच्या जिल्हा बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आपल्या जिल्ह्याच्या कारागृहातील मुलांची संख्या हा एक विषय असावा आणि त्याच बैठकीत हमीदारांची पहिली यादी तयार व्हावी.